काखेतली काळी खपली

ऑगस्ट सरता सरता जिल्ह्याच्या गावातल्या कुठल्याही रुग्णालयात तापाच्या वॉर्डात चक्कर मारा, दर खाटेपाशी एक फुगत चाललेली फाइल दिसेल. मलेरिया निगेटिव्ह. डेंग्यू निगेटिव्ह. विडाल ‘थोडी पॉझिटिव्ह’. प्लेटलेट पेशी ऐंशी हजारांवर आलेल्या, म्हणून नातेवाईक पपईच्या पानांच्या शोधात. सलाईन चालू, सेफ्ट्रियाक्सोन चालू, आणि आठवडा होत आला तरी ताप १०३ वरून हलायला तयार नाही.

विडाल ही टायफॉइडची चाचणी १८९६ सालची. टायफॉइड जिथे कायमच मुक्कामाला आहे, तिथे जुन्या संसर्गानेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. एकदाच केलेल्या विडालवर भिस्त ठेवू नये हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही शिकवलेलं असतं. तरी ‘टायफॉइड निघाला’ असं आपल्याकडे बरेचदा त्याच कागदाच्या जोरावर सांगितलं जातं. चाचणी स्वस्त आहे, रिपोर्ट लगेच हातात येतो आणि तापाला काहीतरी नाव मिळतं. खऱ्या टायफॉइडचा भरवशाचा पुरावा ब्लड कल्चरमध्ये मिळतो, तोही अँटिबायोटिकच्या आधी रक्त काढलं असेल तर. आपल्याकडचा रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत दोन-तीन अँटिबायोटिकं पोटात गेलेली असतात.

अशा वेळी कसलेला फिजिशियन फाइल मिटतो आणि पडदा ओढायला सांगतो. मग काख, जांघ, कानामागची जागा, स्तनांखालची घडी, कमरेला नाडीची गाठ बसते तिथली कातडी असं सगळं उजेडात पाहायचं. शोध असतो तो जेमतेम सेंटिमीटरभर काळ्या खपलीचा. भोवती लालसर कडा, विडीचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, खाजतही नाही, त्यामुळे रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. घामाच्या जागी खपली गळून पडते आणि उथळ जखम तेवढी उरते. अनुभवी डॉक्टर आधी अवधाण चाचपतात. जांघेतली गाठ दुखरी लागली, की त्याच पायावर आणि आसपास बारकाईने पाहायचं. बायकांच्या बाबतीत ही तपासणी हमखास अर्धवट राहते. वॉर्डात पडदा नसतो, डॉक्टर पुरुष असतो, आणि संकोच दोन्हीकडे असतो. कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा इथे एक पडदा आणि सोबतीला एक परिचारिका जास्त उपयोगाची.

ही खपली सापडली आणि ताप असला, तर स्क्रब टायफसचं निदान जवळपास पक्कं. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाचा जिवाणू चिगरमुळे, म्हणजे एका सूक्ष्म माइटच्या अळीमुळे, माणसात शिरतो. प्रौढ माइट चावत नाही, अळीच चावते. ती वाढते उंदीर-घुशींच्या अंगावर आणि झुडपा-गवतात. चावल्यापासून साधारण दहाएक दिवसांनी ताप चढतो. जिवाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये घुसून राहतो, म्हणून फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड, मेंदू असं काहीही बिघडू शकतं. सेफ्ट्रियाक्सोनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. साध्या, स्वस्त डॉक्सीसायक्लिनने मात्र बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. प्रकृती गंभीर असेल तर डॉक्सीसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून देणं जास्त गुणकारी, असं २०२३ मध्ये भारतातल्याच अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीत दिसलं.

मग चाचणीच का करू नये? करावीच. पण आयजीएम एलायझा पहिल्या पाच-सात दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते आणि औषध त्याआधी द्यायचं असतं. शिवाय डॉक्टरांच्या मनातच हा आजार नसेल, तर त्या चाचणीच्या चौकटीत टिकमार्क कोण करणार? गोरखपूरच्या पट्ट्यात दरवर्षी पावसाळ्यात मुलं मेंदूज्वराने दगावत. १९७८ पासून बोट जपानी मेंदूज्वराकडे होतं. लसीकरणानंतरही मुलं येतच राहिली. २०१५ नंतरच्या अभ्यासांत त्यातल्या मोठ्या वाट्यामागे स्क्रब टायफस सापडला. आपल्याकडे २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात याचे रुग्ण झपाट्याने वाढले, मृत्यूही झाले, आणि हे नाव वर्तमानपत्रांत आलं.

खपली नेहमीच सापडते असं नाही. ती नसेल तर उरतं विचारणं, आणि तेही वाटतं तितकं सोपं नाही. ‘गेल्या तीन आठवड्यांत कुठे गेला होतात?’ या प्रश्नाला शेतकरी ‘कुठेच नाही, घरीच’ असं उत्तर देतो, कारण बांधावर गवत कापायला जाणं म्हणजे त्याच्या लेखी कुठे जाणं नव्हे. विचारायचं असतं ते असं: गवत कुणी कापलं? गुडघाभर पाण्यात उतरलात का? पायाला जखम होती का? पाण्याचं उत्तर ‘हो’ असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार पुढे येतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो आजार पाहिलाच आहे. तापाचा रुग्ण दोडामार्ग किंवा सत्तरी भागातला असेल, दिवस काजूच्या हंगामाचे असतील आणि आसपास माकडं मेल्याचं कानावर आलं असेल, तर गोचिडीमार्फत येणारा माकडताप. तो २०१५ मध्ये गोव्यात पाळी गावात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात पसरला होता. त्याचा विषाणू १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. त्यावर नेमकं औषध नाही, पण निदान झालं तर पुढच्या माणसाला वाचवता येतं.

मधुमेही माणूस, महिनाभर ताप, फुप्फुसात डाग किंवा यकृतात गळू, थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत, तरी क्षयाच्या गोळ्या चालू: अशा वेळी मेलिऑइडोसिस आठवायला हवा. माती-पाण्यातला हा जिवाणू कर्नाटकच्या किनारपट्टीवर चांगलाच परिचित आहे. कल्चरमध्ये तो वाढतोही, पण सरावाच्या नजरेला साधा स्यूडोमोनास वाटतो आणि ‘बाहेरून मिसळला असेल’ म्हणून बाजूला पडतो. प्रयोगशाळेला फोन करून ‘रुग्ण मधुमेही आहे, मेलिऑइडोसिसची शंका आहे’ एवढं कळवलं तरी निकाल बदलू शकतो. आपल्याकडे हा फोन क्वचित होतो.

एवढं करूनही काही ताप हाती लागत नाहीत. १९६१ मध्ये पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी अशा तापाची व्याख्या केली: तीन आठवड्यांहून जास्त, वारंवार ३८.३ अंश सेल्सियसच्या वर, आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही कारण न सापडलेला. यात संसर्ग नसलेले आजारही निघतात. प्रौढांचा स्टिल्स आजार त्यातला एक: संध्याकाळी सणकून ताप, तापाबरोबर उमटून त्याच्यासोबतच मावळणारं गुलाबी पुरळ, सांधेदुखी, घसा धरलेला आणि रक्तातलं फेरिटिन हजारोंच्या घरात. उपचार स्टेरॉइड.

पण एचएलएच या आजारातही फेरिटिन असंच भडकतं. त्यात प्रतिकारशक्ती बेभान होते आणि शरीराच्याच रक्तपेशी गिळू लागते. त्याची ठिणगी लिम्फोमाने पडू शकते, तशीच क्षयाने, काळाआजाराने किंवा स्क्रब टायफसनेही पडू शकते. मुळाशी क्षय असताना नुसतं स्टेरॉइड दिलं, तर ताप दोन दिवस छान उतरतो आणि जंतू मोकाट सुटतात. स्क्रब टायफसमधून आलेलं एचएलएच मात्र बरेचदा डॉक्सीसायक्लिननेच आवरतं. म्हणून जाणता डॉक्टर स्टेरॉइडचं इंजेक्शन लिहिण्याआधी बोन मॅरोचा नमुना क्षयाच्या कल्चरसाठीही पाठवतो, आणि दिवस पावसाळ्याचे असतील तर डॉक्सीसायक्लिन रिपोर्टची वाट न पाहता चालू करतो.