सहा डेसिबलचा हिशेब

जुन्या टेलिफोन यंत्रणा मोडीत निघण्याआधी एकदा बघून या, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून धाराशिवच्या एका कचेरीतल्या ईपीएबीएक्सच्या, म्हणजे कचेरीच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजच्या, खोलीत जाऊन बसलो. उस्मानाबादचं धाराशिव झालं, एसटीडी कोड मात्र ०२४७२ च राहिला. बाकी इतिहास सगळीकडचाच: १९८४ साली सी-डॉट या दूरसंचार संशोधन संस्थेची स्थापना, वातानुकूलनाशिवाय चालणारं तिचं १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज, २००० साली बीएसएनएल. मला तिथं अडकवून ठेवलं ते भिंतीवरच्या, तारा जोडायच्या क्रोन पट्टीपुढे बसलेल्या मेकॅनिकनं.

पांढरी-निळी, पांढरी-नारिंगी, पांढरी-हिरवी अशा जोड्या तो न बघता बोटांनी वेगळ्या करत होता. एका जोडीवर त्यानं १००० हर्ट्झचा सूर सोडला. ६०० ओहमवर एक मिलीवॅट, म्हणजे ०.७७५ व्होल्ट. दुसऱ्या एक्स्टेन्शनवर मीटर लावला तर ०.३९. व्होल्टेज निम्मं, शक्ती पाव, म्हणजेच ६ डेसिबलची घट. लाइन खराब असणार, असं मला वाटलं. तो म्हणाला, "नाही सर, अगदी बरोबर आहे. घट ठेवलीच नाही तर काय होतं, ऐका." त्यानं सेटिंग बदलून दोन फोन जोडून दिले. आधी आपलाच आवाज पोकळ होऊन परत आला, मग लाइननं अशी शीळ घातली की शेजारच्या टेबलावरचे साहेब उठून बघायला आले.

कारण असं. डिजिटल यंत्राच्या आत जाणारा आणि येणारा आवाज वेगवेगळ्या वाटांनी धावतो, फोनपर्यंत मात्र दोनच तारा असतात. जिथं या वाटा दोन तारांत एकत्र येतात तिथं हायब्रिड नावाचं सर्किट असतं. लाइनचा इम्पीडन्स त्यात धरलेल्या आकड्याशी कधीच तंतोतंत जुळत नाही, म्हणून आलेल्या आवाजाचा थोडा अंश परतीच्या वाटेला लागतो. दोन्ही टोकांना हेच झालं की आवाज गोल फिरू लागतो. मध्ये पुरेशी घट असेल तर तो दर फेरीला विरतो. नसेल तर वाढत जातो.

अर्धा मिलिमीटर जाडीची तांब्याची जोडी किलोमीटरला जेमतेम एक डेसिबलच्या वर खाते. एका इमारतीतली दोन-तीनशे मीटर केबल म्हणजे काहीच नाही. म्हणून बाकीची घट यंत्रात मुद्दाम घालतात. अमेरिकी मानकाचा हिशेब मला फार आवडला: दोन्ही फोन इमारतीत असतील तर यंत्रानं ६ डेसिबल घालायचे, एक बाहेर दूर असेल तर ३, दोन्ही बाहेर असतील तर शून्य, कारण तिथं केबल स्वतःच वाटा घेते. तोटा ठरवून सोसणारं असं खातं सरकारी कचेरीत दुसरं नसेल!

अडचण सुरू होते ती कुंपणाबाहेर. कर्मचारी निवासाकडे जाणारी जोडी बहुधा ०.४ मिलिमीटरची, तिचा लूपचा रोध किलोमीटरला २७० ओहमच्या आसपास. तापमान २० वरून ४५ अंशांवर गेलं की तांब्याचा रोध दहा टक्क्यांनी वाढतो, आणि मे महिन्यात उन्हात लोंबणारी केबल त्याहूनही तापते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पुरलेल्या जोडाला ओढ देते. जोडात पाणी शिरलं की खरखर सुरू. यांतलं काहीच कागदावरच्या हिशेबात नसतं. मग साहेब म्हणतात, आवाज बारीक येतो. कुणीतरी घाईत यंत्रातल्या त्या फोनच्या पोर्टचा आवाज वाढवून ठेवतं. निवासातला तो फोन पुढे कुणी जवळच्या टेबलावर हलवतं आणि प्रतिध्वनीची तक्रार येते.

आता तांबं काढून फायबर येतंय. जुने फोन टिकवायला मध्ये गेटवेची पेटी बसवतात, पण तिच्याही आत हायब्रिड आहे, घट ठरवावी लागतेच. फायबरमध्ये आवाज घटत नाही, उलट पाकिटं होऊन जाताना त्याला उशीर होतो, आणि उशिरा आलेला प्रतिध्वनी कानाला जास्त टोचतो. प्रतिध्वनी पुसणारी सोय पेटीत असते, पण पोर्टचा आवाज भरमसाट वाढवून ठेवला तर तीही हात टेकते. बसवणारे बरेचदा कारखान्यातून आलेले आकडे तसेच सोडून निघून जातात.

तुमच्या कचेरीत नवी पेटी बसणार असेल तर बिल पास करण्याआधी एवढं करा: प्रत्येक पोर्टला किती डेसिबल घट ठेवली आणि त्या पोर्टवरची केबल किती मीटर आहे, हे बसवणाऱ्याकडून लिहून घ्या आणि तो कागद पेटीच्या दाराच्या आतून चिकटवा.