पापण्यांचे चलन-विकार

पापण्या उघडणे, मिटणे व लवणे या क्रियांत निर्माण होणाऱ्या दोषांना पापण्यांचे चलन-विकार म्हणतात. कंपवात व मेंदूच्या इतर ऱ्हासजन्य रोगांत ते आढळतात. नेत्रगोल व दृष्टितंत्रिका निरोगी असूनही अशा विकाराने रोग्याला प्रत्यक्ष व्यवहारात अंधत्व येऊ शकते.

वरची पापणी उचलणाऱ्या उत्थापक स्नायूला तिसऱ्या मस्तिष्क तंत्रिकेचा (मज्जेचा) व डोळा मिटणाऱ्या वर्तुळाकार स्नायूला सातव्या तंत्रिकेचा पुरवठा असतो. पापणी लवताना प्रथम उत्थापकाचे आकुंचन थांबते व लगेच वर्तुळाकार स्नायू आकुंचन पावतो. ऱ्हासजन्य रोगांत हा मेळ बिघडतो.

निरोगी प्रौढाच्या पापण्या मिनिटाला सु. १५ ते २० वेळा लवतात. कंपवातात मेंदूतील डोपामीन कमी झाल्याने हे प्रमाण घटते. त्यामुळे नजर खिळल्यासारखी दिसते व अश्रूंचा थर नीट न पसरल्याने डोळे चुरचुरतात. हंटिंग्टन रोगात याउलट पापण्या अधिक वेळा लवतात.

जे. सी. स्टील, जे. सी. रिचर्डसन व जे. ओल्शेव्हस्की यांनी १९६४ मध्ये वर्णन केलेल्या प्रगामी अधिकेंद्रकी घात या रोगात नजर वर-खाली वळविणे कठीण होते व रोगी वारंवार पडतो. पापण्या मागे ओढल्या गेल्याने चेहरा चकित झाल्यासारखा दिसतो. काही रोग्यांच्या पापण्या अनैच्छिक रीत्या घट्ट आवळल्या जातात (पापणी-आकर्ष), तर काहींना मिटलेले डोळे इच्छेनुसार उघडता येत नाहीत (नेत्रोन्मीलन अक्षमता). असा रोगी भुवया उंचावून कपाळाला आठ्या घालतो, तरी पापण्या काही काळ मिटलेल्याच राहतात. या अवस्थेत उत्थापकाची शक्ती शाबूत असते व एकदा उघडलेला डोळा पुरेसा उघडा राहतो. स्नायुदौर्बल्याने पापणी ढळते तेव्हा तसे होत नाही. हा भेद न ओळखल्यास रोगी झोपेत आहे किंवा सहकार्य करीत नाही, असा गैरसमज होतो.

पापणी-आकर्षावर वर्तुळाकार स्नायूत बोट्युलिनम विषाची अत्यल्प मात्रा टोचतात. अमेरिकेत या उपचारास १९८९ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा परिणाम सु. तीन महिने टिकतो. नेत्रोन्मीलन अक्षमतेत पापणीच्या कडेलगतच्या भागात टोचल्यास अनेकांना लाभ होतो. डोळ्यांच्या कोरडेपणावर कृत्रिम अश्रू वापरतात, तर पापणी तोलून धरण्यासाठी चष्म्याला तारेचा आधार जोडता येतो. या उपायांनी मूळ ऱ्हास थांबत नाही. मात्र रोग्याला वाचन, भोजन व चालणे यांसाठी आवश्यक दृष्टी पुन्हा वापरता येते.