पडद्यावर बल्ब लागला, पण कळले काय?

विद्युत परिपथाची आकृती मुलांना तोंडपाठ असते. सेल, तार, कळ, बल्ब. तरीही बाईंनी विचारले, "बल्बमधून बाहेर पडताना विद्युतधारा कमी होते का?" तर कित्येक मुले ठामपणे सांगतात, "हो, बल्बने वापरली ना!" पाठांतर पक्के, समज मात्र कच्ची.

ही चूक दुरुस्त करायला इंटरनेटवरील एक साधन फार उपयोगी पडते. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक 2001 मध्ये मिळवणारे कार्ल वायमन यांनी अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात 2002 मध्ये 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात विज्ञान आणि गणिताचे दीडशेहून अधिक आभासी प्रयोग आहेत. ते मोफत आहेत, त्यातले बरेचसे मराठीतही आहेत. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालतात. म्हणजे गावातल्या शाळेत एक संगणक असला तरी पुरे.

यातल्या परिपथाच्या प्रयोगात तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. बल्बच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, असे दोन अॅमीटर जोडले तर दोन्हींवर आकडा सारखाच येतो. बल्ब ऊर्जा घेतो, धारा गिळत नाही, ही गोष्ट डोळ्यांना पटते. सेलची दोन टोके नुसत्या तारेने जोडली तर पडद्यावर ज्वाळा उठतात, पण कुणाचा हात भाजत नाही.

आधी अंदाज, मग पडदा

पण इथेच एक गोम आहे. शिक्षकांनी प्रयोग दाखवला आणि मुलांनी पाहिला, एवढ्यावर थांबले तर तो सिनेमाच झाला. म्हणून आधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा, शेजाऱ्याशी वाद घालावा, मगच पडद्याकडे पाहावे. अंदाज चुकला, तर 'का' हा प्रश्न मुलाच्या मनात आपोआप उभा राहतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पडद्यावरची तार सैल होत नाही, सेल उतरत नाही. खऱ्या प्रयोगात या दोन्ही गोष्टी होतात, आणि बल्ब का लागला नाही हे शोधतानाच मूल खरे शिकते. त्यासाठी टॉर्चचा बल्ब, दोन सेल आणि थोडी तार पुरते. घरातल्या प्लगची वीज मात्र कधीही वापरू नये आणि सेलची टोके थेट जोडू नयेत, तार चांगलीच तापते.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी हीच वाट दाखवली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांच्या संकेतस्थळावर खेळणी बनवण्याच्या चित्रफिती आणि पुस्तके मोफत आहेत, मराठीतसुद्धा. ती नुसती पाहायची नाहीत, पाहून करायची आहेत.

पालकांनीही मुलाला "आज संगणकावर काय पाहिलेस?" एवढेच विचारून थांबू नये. "तुझा अंदाज काय होता आणि झाले काय?" असे विचारावे. उत्तर देताना मूल सेल आणि तार शोधायला उठले, तर समजावे, शाळेतला संगणक सत्कारणी लागला.