आभाळातून पडलेले कडे

विज्ञानावरचे लेख विज्ञान शाखेच्या मुलांनी लिहावेत आणि कला शाखेच्या मुलांनी कविता कराव्यात, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षात शिकतो. इतिहास, राज्यशास्त्र आणि मराठी वाङ्मय हे माझे विषय. त्यामुळे यंदाच्या अंकासाठी मी रॉकेटवर लिहिणार हे कळताच वर्गातील मित्रांनी माझी यथेच्छ थट्टा केली. "तुला पायथागोरसचा सिद्धांत तरी आठवतो का रे?" असे एकाने विचारले. खरे सांगायचे तर नीटसा आठवत नाही. परंतु छंदाला शाखा नसते. गांधीसागर तलावाजवळ १९९२ पासून ज्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र उभे आहे, ते चंद्रशेखर व्यंकट रामन १९१० च्या सुमारास काही काळ आपल्या नागपुरात सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते. नोकरीच्या त्या वर्षांत पोटासाठी हिशेब आणि उरल्या वेळी पदार्थविज्ञान, असा त्यांचा क्रम असे. मी रामन नव्हे, हे मला पुरेपूर ठाऊक आहे. उरल्या वेळी काय करावे याला बंधन नसते, एवढेच मला म्हणायचे आहे.

माझा छंद म्हणजे बिघडलेली यंत्रे उघडून पाहणे. रेडिओ, रिमोट, मिक्सर, जे हाती लागेल ते. बहुतेक वेळा ते यंत्र जसेच्या तसे बंद करावे लागते आणि एखादा स्क्रू हातात उरतो, ही गोष्ट वेगळी. आमच्या वस्तीत टी. व्ही. च्या छत्र्या बसवून देणारे एक काका आहेत. सुट्टीच्या दिवशी पाना-पक्कड घेऊन मी त्यांच्या मागे गच्च्यांवरून हिंडतो. या लेखाची सुरुवात तेथूनच करणे सोयीचे होईल.

मित्रहो, आपण कधी पाहिले आहे का, की वस्तीतील साऱ्या छत्र्यांची तोंडे जवळजवळ एकाच बाजूला असतात? नागपुरात ती दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे असतात. कारण ज्या उपग्रहाकडून चित्र येते तो विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो आणि विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आहे. एवढ्या उंचीवर पृथ्वीभोवती एक फेरी घालायला उपग्रहाला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात पृथ्वीही स्वतःभोवती एकदा फिरते. बैलगाडीच्या सोबत त्याच चालीने चालणारा माणूस गाडीत बसलेल्याला कायम बाजूलाच दिसतो, तसा हा उपग्रह आपल्याला एकाच जागी स्थिर वाटतो. म्हणून छत्री एकदा नेमकी बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही. मुसळधार पावसात चित्र जाते तेव्हा आपण कंपनीला शिव्या देतो. परंतु त्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर असते, आणि पावसाचे थेंब तेवढ्या आखूड लहरींना शोषून घेतात, विखरून टाकतात. दोष आकाशाचा, शिव्या कंपनीला!

छत्रीचा उपग्रह फार दूर आहे. पण अवकाश स्वतः तेवढे दूर नाही. समुद्रसपाटीपासून १०० किलोमीटर उंचीवर अवकाश सुरू होते, असे सामान्यतः मानतात. नागपूरहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर आहे. म्हणजे सरळ वर जाणारा रस्ता असता, तर अवकाश अमरावतीपेक्षा जवळ पडले असते. माझ्या आजीचे गाव चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात आहे. तेथे पोचायला उमरेड, भिवापूर, नागभीड असा एस. टी. चा सव्वाशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. तेव्हा आमच्या दृष्टीने अवकाश हे आजीच्या गावाच्या अलीकडेच आहे. ही निव्वळ गंमत म्हणून सोडून दिली असती. पण एका संध्याकाळी ते अवकाश खरोखरच आजीच्या तालुक्यात उतरले.

तो २ एप्रिल २०२२ चा दिवस, गुढीपाडव्याचा. मी तेव्हा दहावीत होतो आणि शेवटचा पेपर उरला होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास गच्चीवरून पोरांचा गलका ऐकू आला. धावत वर गेलो तर आकाशात जळते गोळे एका ओळीत, मागे शेपट्या सोडीत, संथपणे चालले होते. त्यांचा आवाज मुळीच नव्हता. बाबा म्हणाले, "तारा तुटला असन. निकाल मागून घे." थोड्या वेळाने आजीचा फोन आला. "इकडं जळतं काईतरी पडलं म्हनतेत. मी त देवापाशी दिवा लावून बसली," ती म्हणाली. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावात धातूचे एक मोठे कडे सापडले. त्याचा व्यास सुमारे ३ मीटर होता. पुढे आसपासच्या गावांतून धातूचे गोळेही मिळाले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. ते दृश्य महाराष्ट्राप्रमाणेच गुजरात व मध्य प्रदेशातूनही लोकांनी पाहिले होते. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान, कोणी आणखी काही.

उल्का नव्हे, हे ओळखण्याची एक सोपी खूण मला पुढे वाचनातून कळली. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर एवढ्या वेगाने वातावरणात शिरते आणि क्षणार्धात विझते. मानवाने सोडलेली वस्तू परत येते ती सेकंदाला ८ किलोमीटरहून कमी वेगाने आणि अगदी तिरप्या मार्गाने. म्हणून ती आकाशात बराच वेळ दिसते आणि तुटत तुटत जाते. 'संथ' हा शब्द मी वर वापरला खरा. पण या संथ गतीने नागपूरहून मुंबई गाठायला दोन मिनिटेही लागणार नाहीत.

अवकाशातील वस्तूंच्या नोंदी ठेवणारे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तेव्हाच सांगितले, की हा चीनच्या 'लाँग मार्च ३ बी' या रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडाले होते. त्याच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास ३ मीटर असतो, आणि लाडबोरीच्या कड्याचे मापही तेवढेच भरले.

मग जे २०२१ मध्ये वर गेले ते चौदा महिन्यांनी खाली का आले? रॉकेटचा शेवटचा टप्पा उपग्रहाला सोडून देतो आणि स्वतः लांबट कक्षेत फिरत राहतो. त्या कक्षेचे एक टोक हजारो किलोमीटर दूर असते, तर दुसरे पृथ्वीच्या अगदी जवळ, जेथे हवेचा विरळ थर अजून शिल्लक असतो. झोक्यावर बसलेले पोर दर वेळी खाली आले की जमिनीला पाय घासते. मग झोका हळूहळू कमी उंच जाऊ लागतो. तसेच येथेही घडते. प्रत्येक फेरीत थोडी हवा घासते, दूरचे टोक जवळ येत जाते आणि अखेर तो टप्पा दाट हवेत शिरतो.

तेथे त्याची राख का होते, याचे उत्तर सायकलच्या पंपात आहे. जोराने हवा भरताना पंपाची नळी गरम लागते, कारण दाबली गेलेली हवा तापते. एवढ्या वेगाने येणाऱ्या वस्तूपुढची हवा बाजूला सरकायला वेळच मिळत नसल्याने भयंकर दाबली जाते आणि भट्टीप्रमाणे तापते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे रॉकेटचा बराच भाग वरच नाहीसा होतो. परंतु इंधनाच्या टाक्यांत दाब राखण्यासाठी हेलियमसारखा वायू ज्या गोल टाक्यांत भरतात, त्या अतिशय मजबूत असतात. अशा टाक्या पुष्कळदा टायटॅनियमच्या असतात, आणि तो धातू वितळायला १,६६८ अंश लागतात. म्हणून जगात जेथे जेथे रॉकेटचे अवशेष पडले, तेथे तेथे बहुधा असे गोळे सापडतात.

हे सारे त्या वेळी मी वर्तमानपत्रांतून वाचून बाबांना समजावून सांगितले. बाबा धान्याच्या बाजारात हमाली करतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला : "मंग धनी कोन त्याचा? आमच्याकडं पोत्याची थप्पी घसरून कोनाचा पाय मोडला, त पह्यले हेच इचारतेत, थप्पी कोनाची होती. हे आपल्या आईच्या घरावर पडलं असतं त कोन भरून देल्लं असतं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. वेग, उष्णता, धातू यांविषयी मी बडबडत होतो. पण घर आजीचे होते, हे बाबांनी बरोबर हेरले होते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. कला शाखा घेतली तेव्हा "याचा उपयोग काय?" असे नातेवाइकांनी विचारले होते. गंमत अशी, की बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मला पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात सापडले नाही. ते आपल्या ग्रंथालयात, राज्यशास्त्राच्या कपाटात, आंतरराष्ट्रीय कायद्यावरील एका पुस्तकात मिळाले.

अवकाशातील वस्तूंमुळे होणाऱ्या हानीच्या जबाबदारीविषयी १९७२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत व चीन हे दोन्ही देश त्यात सामील आहेत. त्यातील मुख्य कलम असे, की एखाद्या देशाने सोडलेली वस्तू जमिनीवर पडून हानी झाली, तर त्या देशाने भरपाई द्यावी. त्याची चूक होती हे सिद्ध करण्याची गरज नाही. थप्पी ज्याची, भरपाई त्याची! परंतु त्यात दोन अटी आहेत. पहिली अशी, की या करारान्वये आजी स्वतः दुसऱ्या देशाकडे मागणी करू शकत नाही. तिच्यासाठी सरकारने मागणी करायची, आणि तीही साधारणपणे वर्षाच्या आत. दुसरी अशी, की हानी म्हणजे जीवितहानी, इजा, आरोग्याची हानी किंवा मालमत्तेचे नुकसान. देवापाशी दिवा लावून काढलेली रात्र त्यात बसत नाही.

हा करार नुसता कागदावर राहिला, असेही नाही. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा 'कॉसमॉस ९५४' हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला आणि त्याचे किरणोत्सारी तुकडे बर्फात विखुरले. कॅनडाने साठ लाखांहून अधिक डॉलर मागितले. १९८१ मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेची 'स्कायलॅब' पडणार म्हणून आपल्या देशातही घबराट पसरली होती. ती अखेर हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली. तेथील एस्पेरन्स गावाने उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेला ४०० डॉलर दंड ठोठावला! दंड थट्टेचा होता. पण धनी कोण हे त्या गावाने जाहीरपणे विचारले, हे मला महत्त्वाचे वाटते.

केवळ चीनकडे बोट दाखवणेही बरे नव्हे. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पिंपासारखी एक मोठी वस्तू वाहून आली. ती आपल्याच पी. एस. एल. व्ही. रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग असण्याची दाट शक्यता आहे, असे तेथील अवकाश संस्थेने सांगितले. म्हणजे या बाजारात आपलीही थप्पी आहे. समाधानाची गोष्ट ही, की २०३० पर्यंत आपल्या मोहिमांनी अवकाशात कचरा मागे ठेवू नये, असे ध्येय 'इस्रो'ने जाहीर केले आहे. जानेवारी २०२४ मध्ये उडालेल्या पी. एस. एल. व्ही. चा शेवटचा टप्पा मुद्दाम खालच्या कक्षेत आणून मग प्रयोगांसाठी वापरला गेला, आणि मार्च २०२४ मध्ये तो वातावरणात शिरून संपला. वर चढवण्याइतकीच उतरवण्याचीही काळजी घेतली जाऊ लागली आहे.

छत्री, मोबाईल, हवामानाचा अंदाज यांतून आकाश रोज आपल्या घरात येते. त्याचे पैसे आपण महिन्याच्या महिन्याला भरतो. पण त्याच आकाशातून कडे खाली येते, तेव्हा ते रॉकेट सोडणाऱ्याच्या अंगणात पडेल असे नाही. ज्या माणसाने आयुष्यात उपग्रह हा शब्द वापरला नाही, त्याच्या धानाच्या बांधीत ते पडू शकते. म्हणून हा विषय केवळ विज्ञान शाखेचा नाही, असे मला नम्रपणे वाटते.

परवा रात्री जेवताना मी बाबांना त्या कराराविषयी सगळे सांगितले. तीन वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर इतक्या उशिरा का होईना दिले, याचे मला समाधान वाटत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "म्हंजे कागद हाये. बरं झालं. पन कागद असून काय, वाचनारा पायजे गावात."

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी आजीला फोन करून तेच सारे तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितले.