दोन अक्षरी 'ऑन'चा जमाखर्च

शाखेत काम करीत असतानाची गोष्ट. एक कापड व्यापारी माझ्यासमोर पावती घेऊन बसले होते. परगावच्या एका पेढीशी त्यांचा बिलावरून वाद चालला होता. मालात काही ताके डागी निघाले, म्हणून शेठजींनी तेवढी रक्कम कापून उरलेले पैसे पाठविले होते. आता समोरची पेढी कापलेली रक्कम व्याजासह मागत होती. "साहेब, पैसे पोहोचल्याची पावती आहे, खाली सही आहे. मग बाकी कसली?" त्यांचा प्रश्न. पावतीवर रकमेपुढे दोनच शब्द होते : 'ऑन अकाउंट'. शेठजींनी त्याचा अर्थ 'खात्यात जमा, विषय संपला' असा घेतला होता. लिहिणाऱ्याचा अर्थ मात्र 'येणे रकमेपैकी एवढे मिळाले, उरलेले यायचे आहे' असा होता. पावती दीड वर्ष जपून ठेवलेली होती, वाचलेली नव्हती.

इंग्रजीतील 'ऑन' म्हणजे 'वर', असे आपण शाळेत शिकलो. पुस्तक टेबलावर, मांजर भिंतीवर. आपली शब्दयोगी अव्यये नामाच्या पाठीला चिकटतात. इंग्रजीतील ती नामाच्या आधी सुटी उभी राहतात, एवढाच फरक वाटतो. पण व्यापाराच्या भाषेत शिरल्यावर या दोन अक्षरांचा अर्थ नुसता 'वर' राहत नाही. 'अकाउंट' हा एकच शब्द घ्या. 'ऑन अकाउंट' म्हणजे हिशेबापोटी दिलेली आंशिक रक्कम. त्यापुढे एक 'ऑफ' आला की अर्थ होतो 'मुळे' : पावसामुळे माल उशिरा निघाला. 'ऑन माय अकाउंट' म्हणजे माझ्याकरिता, आणि 'ऑन नो अकाउंट' म्हणजे कोणत्याही परिस्थितीत नाही. पत्रव्यवहारात घाईघाईने 'ऑफ' गाळणारे कारकून मी पुष्कळ पाहिले. वाचणारा समजून घेतो खरा, पण तो समजूतदार असेल तरच.

याहून अधिक सावध राहावे असा शब्दप्रयोग 'ऑन डिमांड'. आपल्या समाजात नात्यागोत्यात हातउसने देण्याची रीत जुनी आहे. कागद केलाच तर बहुधा छापील वचनचिठ्ठी असते आणि तिच्यात 'ऑन डिमांड' हे शब्द असतात. त्याचा सरळ अर्थ 'मागता क्षणी'. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टने 'अॅट साइट' म्हणजे 'पाहताच' यालाही हाच अर्थ दिला आहे. आपल्या वाडवडिलांची दर्शनी हुंडी ती हीच. देणारा मनात म्हणतो, 'मी अजून मागितलेच नाहीत. जेव्हा मागेन तेव्हापासून मुदत मोजली जाईल.' येथेच घात होतो. १९६३ च्या लिमिटेशन अॅक्टप्रमाणे अशा वचनचिठ्ठीवर दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून मोजली जाते, मागणीच्या तारखेपासून नाही; दाव्याचा हक्क पुढे ढकलणारा वेगळा लेख सोबत असेल तर गोष्ट निराळी. भाच्याला कसे मागावे, लग्नकार्य होऊन जाऊ दे, या भिडेत तीन वर्षे कधी सरतात कळत नाही. गंमत अशी की बँकेतील ग्राहकाच्या मागताच परत मिळणाऱ्या पैशांना नियम उलट आहे : तेथे मुदत मागणी केल्यापासून सुरू होते. शब्द तोच, 'ऑन डिमांड'. पण उसने दिलेले आणि ठेव म्हणून ठेवलेले, यांत कायदा फरक करतो.

आणि येथे आपला पहिला शब्दप्रयोग उपयोगी पडतो. मुदत संपण्यापूर्वी देणेदाराने 'ऑन अकाउंट' काही रक्कम दिली, तर त्या दिवसापासून नवी मुदत मोजली जाते. अट एवढीच, की त्याची नोंद देणाऱ्याच्या स्वतःच्या अक्षरात किंवा त्याच्या सहीच्या लेखात हवी. आपण आपल्या वहीत स्वतःच जमा लिहून ठेवली, तर ती या कामी येत नाही. म्हणजे जी दोन पदे शेठजींना महाग पडली, तीच दुसऱ्या कोणाचे येणे जिवंत ठेवतात.

'ऑन अप्रूव्हल' हा प्रकार जवाहिऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांच्याकडे त्याला जांगड म्हणतात : माल पाहावयास न्यावा, पसंत पडला तर ठेवावा, नाही तर परत करावा. इंग्रजी शब्द जुने वाटतात, पण १९३० च्या सेल ऑफ गुड्स अॅक्टमध्ये ते आहेत आणि त्यांचा परिणाम कडक आहे. ठरलेल्या मुदतीत माल परत केला नाही, किंवा मुदत ठरली नसेल तर वाजवी काळ उलटूनही नाकारल्याचे कळविले नाही, तर माल विकत घेतला असेच धरले जाते. जीएसटीमध्येही जांगडीवर पाठविलेल्या मालाचे बिल विक्री होताच, आणि विक्री झाली नाही तरी माल पाठविल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावे लागते.

सहीच्या वर येणारे 'ऑन बिहाफ ऑफ' तर बहुतेकांच्या शिक्क्यात कोरलेलेच असते, म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही. मुनीम किंवा भागीदाराचा मुलगा पेढीसाठी हुंडीवर सही करतो आणि आपण पेढीच्या वतीने करीत आहोत हे लिहावयाचे राहते. मग सर्वसाधारणपणे ती जबाबदारी त्याच्या स्वतःच्या अंगावर येते. एवढ्या शब्दांसाठी मी अनेक कागद परत केले. ग्राहक रागावले, पण माझा नाइलाज होता.

सर्वच 'ऑन' असे कोरडे नाहीत. रोखीने तत्काळ पैसे देण्याला इंग्रज 'ऑन द नेल' म्हणतो. ब्रिस्टल शहरात कॉर्न स्ट्रीटवर कांस्याचे चार खांब आहेत, त्यांनाच 'नेल्स' म्हणतात. व्यापारी त्यांच्या सपाट माथ्यावर पैसे मोजीत, आणि त्यावरूनच हा वाक्प्रचार आला असे तेथील लोक सांगतात. भाषातज्ज्ञ मात्र हे मानीत नाहीत. कापडवाल्यांना अधिक जवळचा शब्द म्हणजे 'ऑन टेंटरहुक्स'. लोकरीचे कापड धुऊन-घोटून झाल्यावर ते आक्रसू नये म्हणून लाकडी चौकटीवर ताणून वाळवीत. चौकटीचे नाव टेंटर, आणि कापड ज्यांत अडकवीत ते तिचे आकडे. निकालाची वाट पाहणारा माणूस असाच ताणलेला असतो. आपण 'जीव टांगणीला लागला' म्हणतो; दोन्ही भाषांनी माणसाला कुठेतरी अडकवूनच ठेवले आहे!

त्या शेठजींचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. पत्रापत्री होऊन निम्म्या रकमेवर तडजोड झाली. ते पैसे पाठविताना त्यांनी सोबतच्या पत्रात 'पूर्ण व अंतिम फेडीपोटी' असे ठळक अक्षरांत लिहिले, खाली त्याचे इंग्रजी मला विचारून घेतले, आणि पावती आल्यावर ती दाखविण्यासाठी मुद्दाम शाखेत आले. या वेळी त्यांनी ती आधी वाचली होती.