लोखंडाला सुटणारा घाम

सुरत शहराच्या आग्नेय अंगास, उधना आणि दिंडोलीच्या बाजूला, नवागाम ही वस्ती आहे. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबे या भागात स्थायिक झाली असून यंत्रमाग नि कापडाचे कारखाने हाच पुष्कळांचा आधार आहे. मार्गशीर्ष-माघातील लग्नसराईत घराला कुलूप लागते, मंडळी भुसावळकडील गाडीने गावी जातात, आणि मोटारसायकल महिनाभर जागच्या जागी उभी राहते. परतल्यावर किक मारून पाय दुखला तरी ती चालू होत नाही, आणि कामाची पाळी चुकते. दोष थंडीला दिला जातो. वस्तुतः तो पाण्याचा असतो.

हे पाणी येते कोठून? ३० अंश सेल्सिअस तपमानाची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम वाफ सामावून घेऊ शकते. १५ अंशांवर तिची ही शक्ती १३ ग्रॅमच्या आत येते. सुरतेस जानेवारीत दुपार ३० अंशांची तर पहाट १५ अंशांच्या आसपासची असते, आणि समुद्र फारसा दूर नाही. उघड्या आकाशाखाली लोखंड आपली उष्णता वर टाकीत हवेपेक्षाही थंड होते. सूर्य वर आल्यावर हवा चटकन ऊबदार होते, लोखंड मात्र मागे राहते. मग त्याला घाम फुटतो.

यावर पुष्कळ जण प्लास्टिकचे आवरण चाकापर्यंत घट्ट बांधतात. हा उपाय रोगाहून वाईट. जमिनीतून उठणारी ओल त्यात कोंडते आणि आतल्या बाजूने थेंब धरते. त्यापेक्षा जुनी सुती चादर बरी. तीतून हवा खेळते. चाकांखाली फळ्या टाकाव्यात. पत्र्याच्या खोलीतही पहाटे छताला पाणी सुटते, म्हणून गाडी तेथे ठेवल्यास वर ताडपत्री बांधावी, पण गाडीला टेकू देऊ नये.

टाकीची गोष्ट निराळी. अर्धी रिकामी टाकी रात्री आतील हवा आकसल्याने बाहेरची दमट हवा आत ओढते, दिवसा ती सोडते. पाणी मात्र तळाशी साचते. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी शोषून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होऊन खाली बसतात. तेव्हा महिन्याभरासाठी जाताना लोखंडी टाकी गळ्याच्या किंचित खालपर्यंत भरून ठेवावी. कित्येक महिने जावयाचे असल्यास ती रिकामी करून पुरती वाळवावी.

“रोज दोन मिनिटे चालू करीत जा,” असे शेजाऱ्याला सांगून जाण्याची रीत आहे. तीत प्रेम असेल, शास्त्र नाही. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरते तापले नाही, तर त्यातील काही सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्ये थिजून राहते. किल्ली शेजाऱ्याला न देणेच बरे! जाण्यापूर्वी धुतलेली गाडी दुपारच्या उन्हात वाळवून दहा-पंधरा किलोमीटर फिरवावी, साखळीला तेल द्यावे, आणि इंजिन निवल्यावर सायलेन्सरच्या तोंडात कोरड्या फडक्याचा बोळा घालावा. परतल्यावर तो आठवणीने काढावा. आणि पहिली फेरी कोपऱ्यावरच्या दुकानापुरती न ठेवता, आतली ओल वाफ होऊन निघून जाईपर्यंत मारावी.