रोज्याची उधारी

सोलापूरहून टॉवेल-चादरींच्या गाठी घेऊन ट्रक जयपूरला निघाला तेव्हा तरावीहची नमाज नुकतीच संपली होती. 2025 चा मार्च, रमजानचे अठरा रोजे झालेले. स्टेअरिंगवर साठीला टेकलेले मामू, शेजारी एकवीस वर्षांचा भाचा. अवजड वाहनाचा परवाना मिळाल्यानंतरची त्याची ही पहिली लांब फेरी. रोजा एकही सोडणार नाही, असे तो आईला सांगून आला होता. डब्यात सहेरी मात्र एकाचीच होती. मामू गाडीवर असताना रोजा धरत नाहीत.

त्यांना तशी मुभा आहे. आजारी माणसाने आणि प्रवाशाने सुटलेले रोजे पुढे इतर दिवसांत पूर्ण करावेत, असे कुरआनच्या सूरह बकरामध्ये सांगितले आहे. प्रवासात चार रकातींची फर्ज नमाजही दोनच रकातींची होते. सोसवत असेल त्याने रोजा ठेवावा, पण न ठेवणारा गुन्हेगार नाही. रमजानच्या दिवसांत तहान सोसणाऱ्यांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात, सवलत घेणाऱ्याची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तरुण पोरांना तर ती पळवाटच वाटते. भाच्यालाही वाटत होती.

सोलापूर, बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर. राष्ट्रीय महामार्ग 52 ची ही वाट बाराशे किलोमीटरहून लांब, पण जवळजवळ सरळ उत्तरेला जाणारी. सोलापूर आणि जयपूर साधारण एकाच रेखांशावर आहेत. त्यात मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस-रात्र सारखे असतात. त्यामुळे दोन्ही शहरांत इफ्तारची वेळ जवळपास एकच, साडेसहाच्या पुढेमागे. मधले धुळे थोडे पश्चिमेला, तिथे चार-पाच मिनिटे जास्त थांबावे लागते. हेच कोलकात्याच्या दिशेने गेले, तर सूर्य पाऊण तासाहून अधिक आधी मावळतो. मामूंना हे गणित पुस्तकाशिवाय येते.

सहेरी संभाजीनगरच्या बाहेर झाली. चार तास झोप काढून गाडी पुन्हा निघाली. धुळ्यानंतर भाच्याने स्टेअरिंग घेतले. दुपार कलली होती. तापीचा पूल ओलांडला, शिरपूर जवळ आले आणि गाडी हळूच पांढऱ्या पट्टीवर सरकली. मामूंनी हाक मारली तेव्हा तो दचकला.

"जागाच आहे मी."

"बाजूला घे."

लिंबाखाली गाडी उभी राहिली. मामू बराच वेळ समोरच्या रस्त्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, "तुझ्या अब्बांच्या गाडीचा ब्रेक फेल झाला नव्हता."

भाचा बारा वर्षांचा असताना, 2016 च्या जूनमध्ये अब्बा याच रस्त्यावर गेले. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. तेव्हा तो ऐन उन्हाळ्यात आला होता. मामू मागच्या गाडीत होते. "दुपारची वेळ, त्यांना रोजा होता. मी म्हटलं, झोप काढू. ते म्हणाले, इफ्तारला सेंधव्याला पोहोचू. रस्त्यावर टायर घासल्याची खूणही नव्हती. आपाला काय सांगणार होतो? ब्रेक म्हटलं."

बोलताना मराठी सुटली आणि घरची दखनी आली. "रोजा बाद में रख सकते बेटा. जान नै."

भाचा काही बोलला नाही. सकाळी धरलेला रोजा त्याने मोडला नाही, पण चावी मामूंच्या हातात दिली आणि मागच्या फळीवर जाऊन पडला. बिजासन घाट त्याने पाहिलाच नाही. सेंधव्याच्या ढाब्यावर मामूंनी त्याला उठवले. अजानला दोन मिनिटे बाकी होती. एक खजूर त्याला दिला, एक स्वतः हातात धरून बसले. रोजा नसताना इफ्तारला थांबण्याची त्यांची ही जुनी सवय.

परत येईपर्यंत केबिनमधल्या कॅलेंडरवर भाच्याने पेनाने चार तारखांभोवती गोल केले होते. मामूंची उधारी डिसेंबरात फिटते, दिवस लहान असतात म्हणून. भाचा तेवढा थांबला नाही. ईदनंतरच्या आठवड्यात, एप्रिलच्या उन्हात, त्याने आईला पहाटे चारला उठवायला सांगितले.

"किती सुटले?" तिने विचारले.

"चार."

कुठे, का, हे तिने विचारले नाही. पहाटे स्वयंपाकघरात दिवा लागला तेव्हा तिने दोन ताटे वाढली होती.